हिमाचे सौंदर्य आणि पाण्याचा हिशेब

बर्फ पडताना आवाज होत नाही. आपला पाऊस ढोल-ताशे वाजवीत येतो, पत्र्यावर आणि कौलांवर आपली वर्दी देतो. हिम मात्र रात्रीतून निःशब्द उतरते आणि सकाळी दार उघडावे तो कालचे जग नाहीसे झालेले असते. देवदाराच्या फांद्या शुभ्र भाराने वाकलेल्या, पाऊलवाटा पुसलेल्या आणि साऱ्या दरीवर एक गाढ, स्वच्छ शांतता. काश्मीरचे हे रूप एकदा तरी डोळे भरून पाहावे, अशी आस असंख्य मराठी कुटुंबांनी बाळगली आणि काटकसरीने पैसे साठवून ती पुरीही केली. परंतु या सौंदर्याचा अर्थ आपल्याला कितपत कळला आहे, हा प्रश्न आता विचारावाच लागेल.

काश्मिरी माणसाने हिवाळ्याचे पंचांगच रचले आहे. 21 डिसेंबरच्या सुमारास चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’ बसतो. त्यामागून वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटी दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’. फेरनच्या आत कांगडी, घरात सुकवलेल्या भाज्यांचा साठा आणि बाहेर हिम, अशी ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालत आली. पहिल्या हिमाचे परस्परांना अभीष्टचिंतन करण्याची रीत तेथे आहे. ज्या थंडीने हाल व्हायचे, तिचेच स्वागत का? कारण चिल्लई कलानमधले हिम घट्ट बसते आणि उन्हाळ्यापर्यंत टिकते, हे ज्ञान या लोकांना कोणत्याही प्रयोगशाळेने शिकवलेले नाही.

या पंचांगाची घडीच आता विसकटू लागली आहे. 2024 च्या जानेवारीत, ऐन चिल्लई कलानमध्ये, गुलमर्गचे उतार उघडे आणि तपकिरी पडले होते. हिम आले ते महिना सरता सरता. 2025 च्या फेब्रुवारीत तेथे व्हावयाच्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. दोन्ही वेळी चर्चा झाली ती मुख्यतः रद्द झालेल्या आरक्षणांची आणि हिरमुसलेल्या पर्यटकांची. व्यवसाय बुडणाऱ्यांचे दुःख खोटे नव्हे. तथापि हानीची मोजदाद एवढ्यावरच थांबावी, हे मात्र खटकते.

कारण हिम हे मुळात पाणी आहे. आणि तेही शहाणपणाने साठवलेले पाणी. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी वारे हिवाळ्यात हिमालयावर जो ओलावा टाकतात, तो पाऊस होऊन पडला तर बराचसा वाहून जातो. हिम होऊन पडला तर डोंगर त्याला धरून ठेवतात आणि भातलावणीच्या दिवसांत थेंबाथेंबाने परत करतात. या धरणाला भिंत लागत नाही आणि त्यापायी कोणाचे गाव उठत नाही. 2025 च्या फेब्रुवारीत अचबलच्या मोगल बागेतला प्रसिद्ध झरा आटला. कोरड्या हिवाळ्याचा याहून बोलका पुरावा कोणता? सफरचंदाच्या झाडालाही फुलण्याआधी थंडीचे कित्येक तास लागतात. हिवाळा अवेळी उबदार झाला तर कळ्या लवकर उमलतात आणि मागाहून येणारा गारठा त्यांना जाळून टाकतो.

यावर कोणी म्हणेल, कोरडे हिवाळे पूर्वीही पडत होते. हे खरे आहे, आणि एका ऋतूवरून निष्कर्ष काढणे शास्त्रास धरून होणार नाही. परंतु काठमांडू येथील ‘इसिमोड’ या पर्वतीय विकास संस्थेच्या पाहणीनुसार हिंदुकुश-हिमालयात हिम जमिनीवर टिकून राहण्याचे प्रमाण 2024 मध्ये नेहमीपेक्षा 18.5 टक्के, तर 2025 मध्ये 23.6 टक्के कमी होते. नंतरचा आकडा 23 वर्षांतला नीचांक होता. अपवाद असे ओळीने येऊ लागले, की त्यांना अपवाद म्हणणे ही आत्मवंचना ठरते.

मग करावयाचे काय? उतारांवर यंत्राने बर्फ पाडण्याचा उपाय सुचवला जातो. त्यालाही पाणी आणि गोठवणारी थंडी लागतेच. तेव्हा ज्याचा तुटवडा, तेच खर्चून देखावा उभा करण्यासारखे ते आहे. त्यापेक्षा लडाखच्या चेवांग नोर्फेल या अभियंत्याचा मार्ग अधिक शहाणपणाचा. हिवाळ्यात वाया जाणारे पाणी सावलीच्या उतारांवर अडवून त्यांनी बर्फाचे साठे घडवले; ते पर्यटकांसाठी नव्हे, तर वसंतातल्या पेरणीसाठी. काश्मीरच्या पाणथळ जागा आणि झऱ्यांची पाणलोटे राखणे हेही याच जातीचे काम आहे. अर्थात वातावरण तापवणारा धूर कमी झाल्यावाचून हे उपाय अपुरेच पडतील. आणि तो धूर काश्मीरच्या कांगडीतून निघत नाही. तो निघतो औष्णिक वीजकेंद्रांतून, कारखान्यांतून आणि वाहनांतून; त्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा लहान नाही.

दुष्काळाची झळ सोसलेल्या मराठी माणसाला आटलेला झरा म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नसावी. आपण हिम पाहावयास जातो, चार छायाचित्रे घेऊन परततो. ज्याच्या शेतात ते हिम पाणी होऊन उतरायचे, तो मात्र मोकळ्या डोंगराकडे पाहत तेथेच उभा असतो. पुढच्या खेपेस गुलमर्गचे उतार उघडे दिसले तर सहल फुकट गेली म्हणून हळहळण्याआधी त्या शेतकऱ्याचा उन्हाळा आठवावा. सौंदर्यावर प्रेम करणाऱ्याने त्याचा हिशेब नाकारू नये.