भूगर्भाचे कोडे: संगणकाला हवी अनुभवी नजर

लिथियम, कोबाल्ट यांसारख्या खनिजांसाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय अभियानाला मंजुरी दिली. या शोधातला मूळ पेच मात्र जुनाच आहे. खनिज जमिनीखाली असते आणि मोजमापे बहुतांशी वरून घ्यावी लागतात.

गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरक, चुंबकीय क्षेत्र, भूकंपलहरी यांच्या नोंदींवरून खालची रचना ताडायची, याला ‘व्यस्त समस्या’ म्हणतात. परिणाम हाती असतो, कारण शोधायचे असते. अडचण अशी, की खोलवरचा आटोपशीर जड खडक आणि उथळ पण पसरट खडक पृष्ठभागावर जवळपास सारखीच नोंद देऊ शकतात. चुकीचा पर्याय निवडला, तर विंधनाचा खर्च पाण्यात जातो.

येथे उत्क्रांतीवर बेतलेले अल्गोरिदम उपयोगी पडतात. संगणक अनेक संभाव्य रचना तयार करतो. नोंदींशी जुळणाऱ्या रचना टिकतात, त्यांच्या संकरातून आणि किरकोळ बदलांतून पुढची पिढी येते. पण ‘जुळणे’ आकड्यांत सांगावे लागते. खडकांच्या घड्या आणि भ्रंश यांतले साम्य अनुभवी भूशास्त्रज्ञाला चटकन दिसते, सूत्रात मात्र सहज बसत नाही.

ऑस्ट्रेलियातील वाइन्स, बोस्केत्ती आणि मोरेसी यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात यावर तोडगा मांडला. संगणकाने चित्रे दाखवायची, भूशास्त्रज्ञाने प्रत्यक्ष खडकांशी साम्य पाहून त्यांचा क्रम लावायचा आणि त्या क्रमावरून संगणकाने पुढची पिढी घडवायची.

तरीही नजरेवर आंधळा विश्वास नको. क्लेअर बाँड आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एका कृत्रिम भूकंपीय छेदचित्राचे ४१२ अन्वयार्थ तपासले. योग्य उत्तर आधीच ठाऊक होते. भूरचनेचा मूळ प्रकार बरोबर ओळखणारे होते अवघे २१ टक्के. प्रत्येकाचे पूर्वीचे अनुभव निष्कर्षावर सावली टाकत होते.

म्हणजे एकाच तज्ज्ञाने क्रम लावला, तर त्याचा पूर्वग्रहही पिढ्यान्‌पिढ्या पोसला जाईल. म्हणून अनेकांनी स्वतंत्रपणे क्रम लावावा, मतभेद झाकू नयेत. ज्या जागी पर्यायी रचना एकमेकींपासून सर्वाधिक वेगळ्या पडतात, तेथील विंधनातूनच सर्वाधिक शिकायला मिळते. शेवटी निकाल देतो तो खडकच.