हाताला कळले, नजरेला नाही
जन्मांधाला दिसू लागले, तर चाचपून ओळखीचा झालेला गोल आणि घन त्याला नुसत्या नजरेने ओळखता येईल का? विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ मध्ये जॉन लॉक यांना विचारलेल्या या प्रश्नाचा छडा दिल्लीत लागला. पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात शस्त्रक्रियेनंतर पाहू लागलेल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांची परीक्षा झाली. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी पाहिलेला ठोकळा मुले पुन्हा पाहून अचूक ओळखत. आधी चाचपलेला ठोकळा नजरेने निवडताना मात्र निव्वळ अंदाज चाले. म्हणजे संवेदन होते, त्याचा अर्थ लागत नव्हता. विशेष म्हणजे, पुन्हा तपासलेल्या मुलांना काही दिवसांतच, कोणीही न शिकवता, हे जमू लागले. त्यामुळे वय उलटले म्हणून अशा मुलांवरील उपचार सोडून देणे चूकच.