बॅब्स आणि जेल पेनच्या बारा रिफिल

आधी एक सोप्पं गणित. मारुती 800 आठवतेय? तिचं इंजिन होतं 796 सीसीचं. अशी 34 इंजिनं एकत्र केली, की होतात साधारण 27 लिटर. आता हे 27 लिटर एकाच इंजिनात, ते इंजिन विमानाचं आणि ते बसवलंय एका रेसिंग कारमध्ये! एवढ्या राक्षसी गाडीचं नाव काय, तर बॅब्स. पहिलवानाला बबडी म्हणावं, तसलाच प्रकार. सध्या ही बबडी माझ्या टेबलावर उभी राहतेय. 1/24 स्केलमध्ये, स्क्रॅचबिल्ट.

स्क्रॅचबिल्ट म्हणजे काय? दुकानातून किट आणायचं, पार्ट तोडायचे, नंबर बघून चिकटवायचे, हे झालं नेहमीचं मॉडेलिंग. स्क्रॅचबिल्डमध्ये खोकंच नसतं. प्लास्टिक शीट, तांब्याची तार, पत्रा, लाकूड आणि भरपूर वीकेन्ड, बस्स! माझी आयटीवाली मैत्रीण म्हणाली, "अगं, रेडीमेड घेऊन टाक ना, कशाला एवढा व्याप?" तिचा प्रश्न रास्त आहे. पण किटमध्ये गाडी कुणीतरी दुसऱ्याने आधीच बघितलेली असते. इथे ती आपल्याला बघावी लागते. सगळी मजा (आणि सगळी डोकेदुखी) तिथेच आहे.

आणि बॅब्स बघण्यासारखी आहेच. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात विमानांची इंजिनं स्वस्तात मिळायला लागली आणि स्पीडवेड्या मंडळींची चंगळ झाली. त्यातला एक होता काउंट लुई झ्बोरोव्स्की. त्याच्या 'चिटी बँग बँग' गाडीचं नाव पुढे इयान फ्लेमिंगने पुस्तकाला दिलं. याच काउंटने इंग्लंडमधल्या आपल्या हायम पार्क या घरी 'हायम स्पेशल' बांधायला घेतली. इंजिन अमेरिकन लिबर्टी व्ही-12. या इंजिनाचं डिझाइन 1917 मध्ये दोन इंजिनियर्सनी वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात बसून आठवड्याच्या आत उरकलं होतं. बोला!

1924 मध्ये झ्बोरोव्स्की मॉन्झाच्या रेसमध्ये गेला. त्याची हायम स्पेशल 125 पौंडांना घेतली जे. जी. पॅरी-थॉमस या वेल्श इंजिनियरने. त्याने ती सुधारली, बॅब्स हे नाव दिलं आणि 28 एप्रिल 1926 ला वेल्समधल्या पेंडाइनच्या वाळूवर ताशी 171.02 मैलांचा, म्हणजे जवळपास 275 किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. फेब्रुवारी 1927 मध्ये माल्कम कॅम्पबेलने याच बीचवर आणखी वेगाने गाडी पळवली. विक्रम परत मिळवायला 3 मार्चला पॅरी-थॉमस पुन्हा तिथे उतरला. बॅब्स भर वेगात उलटली आणि तो जागीच ठार झाला. वय 41. जमिनीवरच्या वेगाच्या विक्रमापायी जीव गमावणारा तो पहिला ड्रायव्हर. त्याच्या माणसांनी बॅब्सला तिथल्याच वाळूत पुरलं.

आता माझ्या टेबलाकडे या. लिबर्टीच्या सिलिंडरचा व्यास 127 मिलिमीटर. भागिले 24, म्हणजे 5.3. वर पाण्याच्या जॅकेटची जाडी धरली, की जेल पेनची जाड रिफिल जवळपास फिट बसते. या इंजिनाचे बाराही सिलिंडर सुटे आहेत, त्यामुळे बारा रिफिल एकसारख्या कापायच्या. त्यासाठी लाकडी पट्टीत एक खाच करून घेतलीय. रिफिल खाचेत ठेवायची, टोकाला टेकवायची आणि कापायची. सहा-सहाच्या दोन रांगा, मधला कोन 45 अंश.

बॉडीसाठी बेस्ट मटेरियल म्हणजे कोल्ड्रिंकचा कॅन. कारण पुन्हा गणितच. एक मिलिमीटर जाडीची शीट या स्केलला 24 मिलिमीटरची होते, म्हणजे रेसिंग कार न राहता रणगाडा! कॅनचा पत्रा त्याच्या एक दशांश. लाकडाचा साचा घासून घ्यायचा, त्यावर पत्रा हळूहळू दाबत बसवायचा. रिव्हेट हवेत? संपलेल्या बॉलपेनने मागून टोचा. (पत्र्याची कड जाम धारदार असते, आधी पॉलिश पेपर मारून घ्या.) वायरींसाठी बारीक तार तपकीर गल्लीत ढिगाने मिळते.

खरा पेच आहे चेनचा. बॅब्सची मागची चाकं सायकलसारखी चेनवर फिरायची. उजवीकडची चेन तुटून पॅरी-थॉमसला लागली आणि तो गेला, ही कथा वर्षानुवर्षं सांगितली गेली. गाडीच वाळूखाली, तपासणार कोण? मग 1969 मध्ये ओवेन विन ओवेन या इंजिनियरिंगच्या लेक्चररने तिला 42 वर्षांनी खणून वर काढलं आणि पुढची कित्येक वर्षं खपून पुन्हा चालती केली. बाहेर आलेलं लोखंड तपासल्यावर संशय चेनवरून उजव्या मागच्या चाकाकडे वळला. आधी चाक फुटलं असावं, चेनचं त्यानंतर.

म्हणून मॉडेलवाल्याला तारीख ठरवावीच लागते. आज पेंडाइनच्या म्युझियममध्ये दिसते ती बॅब्स खरी आहे, पण खाऱ्या वाळूने पत्रा खाल्लेला, त्यामुळे तिचा बराच भाग नव्याने केलाय. नुसता तिचा फोटो बघून मॉडेल केलं, तर ते होईल रिस्टोरेशनचं मॉडेल. 3 मार्चची केली, तर लोक फक्त अपघात बघणार. मी 28 एप्रिल 1926 धरलीय. त्या दिवशी ती जगातली सर्वांत वेगवान गाडी होती आणि तिला चालवणारा माणूस घरी परतला होता.

तुम्हाला सुरुवात करायची असेल, तर थेट व्ही-12 वर उडी नको. चार सिलिंडरची एखादी जुनी गाडी निवडा, तिचे एकाच दिवसाचे शक्य तितके फोटो जमवा आणि पहिला महिना फक्त मापं काढा. काहीही कापू नका. कंटाळा आला नाही, तर समजा, लागली सवय!

माझी चेन अजून बाकी आहे. दोन्ही बाजूंना लावणार, एकेक कडी जोडून. बेचाळीस वर्षं तिच्या नावावर एक खून होता. निदान माझ्या टेबलावर तरी ती आपलं काम नीट करताना दिसू दे.