स्पॅनिशचा तास आणि मेक्सिकोची माती

पुढच्या सत्रापासून आपल्या कॉलेजातल्या स्पॅनिशच्या तासांना कात्री लागणार, ही बातमी एव्हाना हॉस्टेलच्या सगळ्या विंगमध्ये पोचली असेल. सध्या आठवड्याला चार तास असतात. दोन भाषेचे, दोन 'संस्कृती'चे. त्यातले संस्कृतीचे दोन काढून तिथे ॲप्टिट्यूडचे क्लास बसवायचे असा प्रस्ताव आहे. कारण काय, तर इंजिनिअरला बोलण्यापुरती भाषा आली की झालं, इतिहास-बितिहास करायला तो काही बी.ए.ला बसलेला नाही. ऐकायला कुणालाही पटेल असंच हे आहे. माझं म्हणणं मात्र असं, की काढायचेच असतील तर दुसरे दोन काढा! (मॅडम, हे तुम्ही वाचणार हे मला माहीत आहे. रागावू नका, खुलासा खाली आहे.)

आधी भाषेचं बघू. मराठी माणसाला स्पॅनिश जेवढी सोपी जाते तेवढी इंग्रजी माणसाला जात नसणार, असं माझं आता ठाम मत झालंय. त आणि द अगदी आपलेच, दातांना जीभ लावून म्हणायचे. स्वर पाचच, आणि बहुतेक शब्द लिहिले तसे वाचायचे. 'तू'ला चक्क 'तू'च म्हणतात. मान द्यायचा तर 'उस्तेद'. हा शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या अदबीच्या संबोधनातून झिजत झिजत आला आहे. एचओडींना तू म्हणायचं नसतं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, पण इंग्रजीत आयुष्य काढलेल्याला ते पाठ करावं लागतं. कर्ता गाळला तरी चालतो, कारण क्रियापदाच्या शेपटीवरून माणूस कळतो. आपण नाही का नुसतं 'येतेस का?' विचारत?

आणि मग येतं 'मे गुस्ता'. 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे 'मला कॉफी आवडते'. इंग्रजीत 'आय' हा वाक्याचा राजा असतो, आवडनिवड तो करतो. स्पॅनिशमध्ये आणि मराठीत कॉफी राज्य करते, आपण फक्त 'मला' म्हणून बाजूला उभे! आंबे अनेक झाले की क्रियापदही अनेकवचनी होतं : 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात. ज्या दिवशी हा धडा झाला त्या दिवशी वर्गातल्या मराठी मीडियमच्या पोरांना यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र गार पडले. दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढलेली मुलगी मी. इंग्रजीचं व्याकरण आम्हाला घोटून घोटून शिकवलं, मराठी मात्र आठवड्यातून चार तास आणि तीही परीक्षेपुरती. घरी आईशी जी भाषा बोलतो तिला इतकी नाजूक यंत्रणा आहे, हे मला वयाच्या विसाव्या वर्षी स्पॅनिशच्या बाकावर बसून दिसलं.

थोडा त्रास होतो तो 'असणे'चा. स्पॅनिशमध्ये त्याची दोन क्रियापदं आहेत, आणि एकच विशेषण दोघांबरोबर वेगळा अर्थ देतं. 'एस आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळवाणा आहे, 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळलेला आहे. लेक्चर घेणारा आणि लेक्चर ऐकणारा यांच्यातला फरक एवढ्या थोडक्यात सांगणारी दुसरी भाषा मला माहीत नाही.

सांगायचा मुद्दा हा, की या भागासाठी पुस्तक आहे, मोबाइलवर ॲप आहे, रात्री बारा वाजता उगाच गप्पा मारायला रूममेट आहे. मनापासून बसलं तर पहिल्या दोन पायऱ्यांची परीक्षा स्वतःच्या जिवावर देता येते. वर शिकवणारं कुणी असेल तर सोन्याहून पिवळं, पण अडत नाही. शिवाय आता फोन समोरच्याचं बोलणं भाषांतर करून कानात सांगतो. म्हणजे 'इंजिनिअरला बोलण्यापुरती भाषा' हे जे कारण सांगितलं जातंय, नेमकं तेवढंच काम आज मशीन करून देतं. आणि आपण ठेवतोय काय, तर तेवढंच!

आता संस्कृतीकडे. इथे एक कबूल करायला हवं. संस्कृती म्हणजे 'स्पॅनिश डे'ला पुठ्ठ्याचे सोम्ब्रेरो घालून फोटो काढणं, बैलांच्या झुंजीची आणि टोमॅटो फेकण्याची स्लाइड दाखवणं असेल, तर ते तास खुशाल काढा. दोन वर्षांपूर्वी तसंच चालायचं असं सीनियर्स सांगतात. आमच्या बॅचला मॅडमनी वेगळंच केलं. एक चौक घेतला आणि तीन आठवडे त्या चौकाच्या बाहेरच पडू दिलं नाही.

चौकाचं नाव त्लातेलोल्को. मेक्सिको सिटीत आहे. त्याला 'तीन संस्कृतींचा चौक' म्हणतात, कारण ॲझटेक लोकांच्या देवळांचे अवशेष, स्पॅनिश चर्च आणि 1960 च्या दशकातल्या सरकारी वसाहतीच्या इमारती तिथे एकमेकांना खेटून उभ्या आहेत. ॲझटेकांची राजधानी तेनोच्तित्लान ही टेक्सकोको तळ्यातल्या बेटावर वसलेली होती. 13 ऑगस्ट 1521 ला ती पडली, शेवटची लढाई याच त्लातेलोल्कोत झाली. जिंकणाऱ्या एर्नान कोर्तेसने आपलं नवं शहर कुठे बांधलं? त्याच जागेवर, पाडलेल्या देवळांचे दगड वापरून. मग शहरात पूर यायला लागले. 1629 च्या पुरात तर शहर काही वर्षं पाण्यात होतं. त्यावर उपाय म्हणून तळंच उपसायला घेतलं, आणि पुढच्या शतकांत ते जवळजवळ संपलं. खाली उरला तळ्याचा गाळ.

आता सिव्हिलवाल्यांनी कान टवकारा. सॉइल मेकॅनिक्सच्या व्हायव्हाला हमखास विचारतात, 'वॉटर कंटेंट शंभर टक्क्यांपेक्षा जास्त असू शकतं का?' आपण 'हो सर' म्हणून सुटतो. मेक्सिको सिटीखालच्या मातीत ते तीनशे टक्क्यांच्याही वर जातं, म्हणजे कोरड्या मातीच्या तिपटीहून जास्त वजनाचं पाणी! 19 सप्टेंबर 1985 च्या सकाळी 7 वाजून 17 मिनिटांनी पॅसिफिकच्या किनाऱ्यावर 8 च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला. शहर तिथून साडेतीनशे किलोमीटरहून लांब. एवढ्या अंतरावर धक्का विरायला हवा होता. पण तळ्याची मऊ माती साधारण दोन सेकंदांच्या तालावर हलायला लागली, आणि तो ताल ज्यांना सापडला त्या 6 ते 15 मजली इमारती सर्वांत जास्त कोसळल्या. आपल्या पुस्तकात हे 'साइट इफेक्ट' या मथळ्याखाली अर्ध्या पानात आहे. आलेख आहे, आकडे आहेत. माणसं त्या मातीवर राहायला का गेली, हे त्यात नाही.

आणि त्लातेलोल्को वसाहतीतली 'नुएवो लेओन' ही इमारतही त्यात नाही. तिच्या तीन भागांपैकी दोन कोसळले. रहिवासी पायाबद्दल आधीपासून तक्रारी करत होते, तिकडे कुणी नीट लक्ष दिलं नव्हतं. ढिगारे उपसायला सरकारच्या आधी शेजारीपाजारी धावले. त्यांच्यातूनच 'तोपोस' म्हणजे 'चिचुंदऱ्या' नावाचं स्वयंसेवकांचं पथक उभं राहिलं. बिळात शिरावं तसं ते ढिगाऱ्यात शिरतात. मृतांचा आकडा अजून वादात आहे. त्यात शिवणकामाच्या कारखान्यांतल्या कितीतरी बायका होत्या. वाचलेल्या बायकांनी पुढे '19 सप्टेंबर' याच नावाने आपली युनियन काढली.

याच चौकात त्याआधी 2 ऑक्टोबर 1968 ला विद्यार्थ्यांच्या सभेवर लष्कराने गोळ्या झाडल्या. दहा दिवसांनी तिथे ऑलिंपिक सुरू व्हायचं होतं. त्या चळवळीत राष्ट्रीय पॉलिटेक्निकची पोरं, म्हणजे आपल्यासारखीच टी-स्क्वेअर घेऊन फिरणारी, पुढे होती. तेव्हा दिल्लीत मेक्सिकोचा राजदूत कोण होता? कवी ओक्ताव्हिओ पास. 1962 पासून तो भारतात होता. या गोळीबारानंतर त्याने निषेध म्हणून पद सोडलं. 1990 साली त्याला नोबेल मिळालं, पण मला त्याचं कौतुक 1968 साठी आहे. एलेना पोनियातोव्स्का या लेखिकेने 1968 आणि 1985, दोन्हींवर पुस्तकं लिहिली, तीही लोकांच्या तोंडच्या हकिगती जोडून.

हे सगळं फोन सांगेल का? विचारलं तर सांगेलच. पण विचारायला आधी 'त्लातेलोल्को' हा शब्द कुणीतरी तुमच्या कानावर घालावा लागतो. मी सिव्हिलची आहे, म्हणून माझा जीव मातीत अडकला. मेकॅनिकलवाल्यांना मॅडमनी लेओनार्दो तोर्रेस केव्हेदो दिला. या स्पॅनिश इंजिनिअरने 1912 मध्ये बुद्धिबळाचा शेवटचा डाव स्वतः खेळणारं यंत्र बनवलं, आणि नायगाऱ्यावरचा त्याचा रोपवे 1916 मध्ये सुरू झाला. बुद्धिबळाला स्पॅनिशमध्ये 'आहेद्रेस' म्हणतात. तो शब्द अरबी 'शतरंज'मधून आला, आणि शतरंज आपल्या 'चतुरंग'मधून. गेला आणि वेश बदलून परत आला!

एक गोष्ट मात्र खटकते, तीही सांगते. ही भाषा अमेरिका खंडात काही प्रेमाने पसरलेली नाही. नाहुआत्ल, केचुआ बोलणाऱ्यांवर ती तलवारीने आली. परग्वेत आजही घराघरात ग्वारानी बोलतात, तिला 1992 च्या राज्यघटनेने स्पॅनिशच्या बरोबरीचं स्थान दिलं. शाळेत एक भाषा आणि घरात दुसरी, हे आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्याच जहाजांच्या येण्याजाण्यातून काय काय आपल्याकडे पोचलं बघा : एकादशीला मेसमध्ये मिळणाऱ्या साबुदाण्याच्या खिचडीतला साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. जिरं आणि तूप काढलं तर आपला उपवास अख्खा तिकडचा!

प्लेसमेंटचं म्हणाल तर स्पॅनिशचा फायदा होतो कधी, कधी नाही. जवळपास 50 कोटी लोकांची मातृभाषा आहे, बायोडाटावर वाईट दिसत नाही, एवढं पुरे. ॲप्टिट्यूडचे क्लास नकोत असंही मी म्हणत नाही. गाड्या, बोटी आणि पाण्याच्या टाक्यांची गणितं मलाही सुटायला हवीत.

तेव्हा मागणी साधी आहे. वेळापत्रकात दोन तास बसत नसतील तर एक ठेवा, शनिवारी संध्याकाळी चार ते पाच. मॅडम यायला तयार आहेत. सॉइलच्या सरांना विचारलं, तेही मेक्सिकोच्या मातीवर एक तास घेतो म्हणालेत, आणि किल्लारीवर एक. ड्रॉइंग हॉल रिकामाच असतो. प्रोजेक्टरची किल्ली तेवढी ऑफिसने शनिवारी दुपारी कपाटात बंद करून घरी नेऊ नये.