आईचा होकार धरायचा की नाही?

मैत्रिणींनो, पहूरला आमचा महिला गट दर महिन्याला जमतो. मागच्या खेपेला हिशेब आटोपल्यावर एकीने विचारलं, "मुली सुट्टीत 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' बघू म्हणतात. घरच्यांबरोबर बघण्यासारखा आहे ना?" सगळ्याजणी म्हणाल्या, त्यात वाईट काही नाही. मीही म्हटलं. मग मुलींना घेऊन आम्ही तो एकत्रच बघितला.

आदित्य चोप्राचा हा हलकाफुलका प्रेमपट २० ऑक्टोबर १९९५ ला लागला. मुंबईच्या 'मराठा मंदिर'मध्ये तो वर्षानुवर्षे चालला. निकोप मनोरंजन करणारा लोकप्रिय चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. म्हणजे घरादाराने बघावा असा सरकारी दाखलाच!

आम्ही पुष्कळ हसलो. पण आगगाडीत राज सिमरनचे आतले कपडे हातात धरून थट्टा करतो, तिथे मुली हसेनात. त्यातली एक रोज एस.टी.ने जामनेरला कॉलेजला जाते. ती म्हणाली, "गाडीत कोणी असं केलं तर आम्ही घरी सांगत नाही. सांगितलं तर आमचंच कॉलेज बंद होईल." आम्ही आया गप्प.

मला मात्र खरी अडचण पुढे वाटली. सिमरनची आई लाजो आयुष्यभर मन मारून जगलेली. मुलीवर ही वेळ येऊ द्यायची नाही असं तिने ठरवलं होतं. आधी ती मुलीलाच त्याग करायला सांगते. पण शेवटी स्वतःचे दागिने राजच्या हाती देऊन म्हणते, हिला घेऊन जा. सिमरनही तयार असते. राज नकार देतो. बापाने स्वतः हात दिला तरच तो नेणार. या नकारामुळेच हा सिनेमा घरंदाज ठरला. आमच्यातल्या सगळ्यात वयस्क बाईंनी विचारलं, "मायनं हो म्हटलं, पोरीनं हो म्हटलं. मग अडलं कशासाठी?"

पळून जाणं सोपं नसतं, हे मला कळतं. मुलगी गेली की मागे राहिलेल्या आईला काय भोगावं लागतं, ते आपण गावोगावी बघतो. राजने धोका टाळला असंही कोणी म्हणेल. पण मग लाजोच्या होकाराची किंमत काय? १८ वर्षं पूर्ण झालेल्या मुलीच्या लग्नाला कायद्याने बापाची संमती लागत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आईचं नाव लावायचा महाराष्ट्र सरकारचा निर्णय आहे. नाव कागदावर आलं, शब्दाचं काय?

माझं लग्न ठरलं तेव्हा ओसरीवर पुरुषांची बैठक बसली होती आणि आई आत चहा करत होती. सुपारी फुटल्यावर तिला कळवलं. इतकं माहीत असूनही, माझ्या मुलीने मला तिच्या पसंतीच्या मुलाबद्दल सांगितलं तेव्हा मी चटकन म्हणाले, "बाबांना विचार." माझं मत काय, हे तिने विचारलं होतं, ते मी सांगितलंच नाही.

म्हणून माझं म्हणणं, हा सिनेमा घरच्यांबरोबर जरूर बघा. फक्त घरच्यांत पुरुषही असू द्या. आमच्याकडे ते नव्हते, ही चूक झाली. दागिन्यांच्या प्रसंगाला टी.व्ही. थांबवा आणि विचारा, आपल्या घरात आईचा होकार धरतात का?

सिनेमा बघितला त्या रात्री मी मुलीला सांगितलं, माझा होकार आहे. तिच्या बाबांसमोर हे बोलायचं अजून राहिलं आहे. तुमच्या गटात काय चर्चा झाली, ते नक्की कळवा. मला त्याचा आधार होईल.