स्वतंत्र संचालक : कुणापासून स्वतंत्र?

बिझनेस स्कुलांत एक विषय शिकवतात. नाव : कॉर्पोरेट गव्हर्नन्स. म्हणजे कंपनीचा कारभार. तिजोरीवर बसलेल्यांवर नजर कोण ठेवणार, आणि नजर ठेवणाऱ्यांवर नजर कोण ठेवणार, याची ही विद्या. मी ती फी भरून, परीक्षा देऊन शिकलो. तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे, आणि तो मी बजावतोय.

या विद्येचं मूळ दुखणं असं : पैसा एकाचा, कारभार दुसऱ्याचा. अमेरिकेत १९३२ साली बर्ल आणि मीन्स यांनी ते मांडलं. १९९७ साली श्लायफर आणि विश्नी या प्राध्यापकांनी विषयाची हद्दच आखून दिली : भांडवल पुरवणाऱ्याला आपला पैसा परताव्यासकट मिळेल याची खात्री कशी करायची, ते बघायचं. पैसा देणारा आत. घाम देणारा बाहेर. कंपनीचा संडास धुणारा तर चित्रातच नाही.

औषध म्हणून 'स्वतंत्र संचालक' आणला. विलायतेत १९९२ चा कॅडबरी अहवाल. आपल्याकडे सेबीनं कुमारमंगलम बिर्ला समिती नेमली आणि २००० साली क्लॉज ४९ आला. २०१३ च्या कंपनी कायद्यानं सांगितलं : शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीत एक तृतीयांश संचालक स्वतंत्र पाहिजेत. मालकाशी पैशाचा संबंध नको, मालकाचा नातेवाईक नको. नातेवाईक कोण? कायदा बोटं मोडून सांगतो : नवरा-बायको, आई-बाप, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण, आणि हिंदू अविभक्त कुटुंबातले सदस्य. बास! नातं संपलं.

विलायतेत संपत असेल. या देशात नातं तिथंच सुरू होतं. भावकी कुठं गेली? सोयरीक कुठं गेली? पंगत कुठं गेली? ज्याची पोरगी सून करून आणताना मालकाला पत्रिकेपलीकडं काही बघावं लागत नाही, तो मालकापासून स्वतंत्र कसा?

हा माझ्या डोक्यातला किडा नाही. २०१२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त डी. अजित, हान डाँकर आणि रवी सक्सेना यांचा लेख आला. यातले डाँकर फायनान्सचे प्राध्यापक, कॉर्पोरेट गव्हर्नन्स हेच त्यांचं संशोधन. २०१० साल धरून या तिघांनी देशातल्या मोठ्या १००० कंपन्यांचे ९०५२ संचालक जातवार मोजले. सवर्ण सुमारे ९३ टक्के. त्यात वैश्य ४६, ब्राह्मण जवळजवळ ४५. ओबीसी ३.८. अनुसूचित जाती आणि जमाती दोन्ही मिळून ३.५!

जात ओळखली कशी? आडनावावरनं. कारण वार्षिक अहवालात संचालकाचा मोबदला छापतात, शेअर छापतात, बैठकांची हजेरी छापतात. जात छापत नाहीत. कुणी म्हणेल, आडनावाची पद्धत ढोबळ आहे. असेल. मग नेमका आकडा तुम्ही छापा ना!

आमच्या वर्गात हा लेख कधी आला नाही. मी विचारलं तर सर म्हणाले, ''हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे, फायनान्सचा नाही.'' वा रे फायनान्स! २०१३ च्या कायद्यानं नोंदलेल्या कंपन्यांना एक तरी बाई संचालक सक्तीची केली, तेव्हा तो प्रश्न फायनान्सचा झाला. त्यावर शोधनिबंधांचे ढीग पडले. बाई यायलाच पाहिजे होती. पण जातीचं नाव काढलं की आकडेमोड करणाऱ्यांची पाटी कोरी! आणि शिकवणारे तरी कोण? २०१९ साली केंद्रीय संस्थांतल्या शिक्षकभरतीत आरक्षणाचा कायदा झाला, तर आयआयएमवाल्यांनी त्यातून सूट मागितली.

म्हणे गुणवत्ता! तर घ्या गुणवत्तेचा हिशेब. सत्यम कॉम्प्युटर्स. २००८ साली कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा 'गोल्डन पीकॉक' पुरस्कार मिळालेली कंपनी. संचालक मंडळावर हार्वर्डचा प्राध्यापक, इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचा डीन. याच मंडळानं त्या डिसेंबरात मालकाच्या घरच्या दोन 'मेटास' कंपन्या विकत घ्यायला मान डोलावली. भागधारक खवळले म्हणून बेत बारगळला. ७ जानेवारी २००९ ला रामलिंग राजूनं स्वतःच पत्र लिहून सांगितलं की हिशेब खोटे आहेत. घोटाळा सात हजार कोटींच्या वर. एवढा डोंगर टेबलावर होता, आणि गुणवत्तेला दिसला नाही.

आणि फायनान्स आमचा प्रांत नाही, हे कुणाला सांगता? बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-व्यवहाराचा सल्ला देणारी कचेरी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाईक फुटलं. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागले, तर काही सहकारी प्राध्यापकांना त्यांनी सगळ्यांच्या घड्यातलं पाणी पिणं खपलं नाही. १९२३ साली याच माणसाचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनमधून निघाला. तेव्हा घड्याला शिवू दिलं नाही, आता टेबलाला शिवू देत नाहीत.

आता तुमचीच व्याख्या तुमच्यापुढं टाकतो. पैसा पुरवणाऱ्याचा हक्क म्हणता ना? २०१५ पासून पीएफवाले आमच्या पीएफचा काही हिस्सा ईटीएफमार्फत शेअरबाजारात घालतात. एलआयसीच्या हप्त्याचा पैसा तर त्याही आधीपासून तिथं आहे. ज्या झाडूवाल्याचा पीएफ कापला जातो, जी आया विम्याचा हप्ता भरते, ती माणसं तुमच्या पुस्तकाप्रमाणं भांडवल पुरवणारी आहेत. म्हणजे आम्ही दारात भीक मागायला उभे नाही, आमच्या पैशाची चौकशी करायला आलोय.

तेव्हा दोस्तहो, मागणी साधी आहे. दर वार्षिक अहवालात संचालकांचं जातवार कोष्टक छापा. नावं नकोत, आकडे द्या. सेबीनं ते सक्तीचं करावं. आणि कॉर्पोरेट गव्हर्नन्सच्या प्रत्येक वर्गात 'स्वतंत्र' या शब्दाची व्याख्या शिकवताना फळ्यावर पहिला प्रश्न लिहा : जातीपासून स्वतंत्र आहे काय?

मांडा हिशेब. आम्ही आता ताळेबंद वाचायला शिकलोय.