शाळेंतून मुकाट्यानें परतणारा मुलगा

गेल्या दिवाळींत बुलढाणा जिल्ह्यांतील एका स्नेह्यांकडे राहावयास गेलें होतें. घर मोठें, माणसें सुशिक्षित. परंतु नववींतला मुलगा शाळेचें नांव निघतांच कोमेजे. बोलण्याचालण्यावरून वर्गांतील मुलें त्याला ‘बायल्या’ म्हणत. आणि घरीं पंक्तीला काकाही थट्टेनें तोच शब्द उच्चारीत. एके रात्रीं त्यानें विचारलें, “आई, मला मुलींऐवजी मुलगाच आवडत असला, तर मी वाईट का ग?” आईला उत्तर सुचेना, तिनें तो प्रश्न माझ्यापाशीं आणला. उभयतांच्या संमतीनेंच हें लिहितें.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाहीं. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाकडे वाचक असे प्रश्न धाडीत. त्यांचीं उत्तरें छापल्याबद्दल १९३४ सालीं कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनें उभे राहिले. तरीही कर्व्यांना दंड झाला. पुढें जागतिक आरोग्य संघटनेनें १९९० सालीं समलिंगी आकर्षण रोगांच्या यादींतून वगळलें, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें प्रौढांचे परस्परसंमतीचे असे संबंध गुन्हा नव्हेत, असा निर्णय दिला.

जें रोग नव्हे, गुन्हाही नव्हे, त्याची शिक्षा मुलानें रोज कां भोगावी? कोणाच्या चालीवरून त्याचें मन ओळखतां येत नाहीं. आणि ओळखतां आलें, तरी चेष्टेचा अधिकार कोणास मिळत नाहीं. वर्गांतील उपहास मूल एक वेळ सोशील. परंतु तोच शब्द घरच्या पानावर ऐकूं आला, म्हणजे त्याला परतावयास ठिकाण उरत नाहीं.

भगिनींनो, अशा वेळीं अंगारेधुपारे नकोत, आणि “लग्न झालें कीं सुधारेल” हा धीरही नको. परक्या मुलीचा संसार हें औषध नव्हे. मुलाचें बोलणें पुरतें ऐकावें. त्यानें विश्वासानें सांगितलेलें चारचौघांत नेऊं नये. मुख्याध्यापकांकडे तक्रार करावी ती छळाची. मुलाचें गुपित तेथें सांगण्याचें कारण नाहीं. तो फारच खचला असेल, तर सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेकडे १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

त्या मातेनें दुसऱ्या दिवशीं मुलाला जवळ घेऊन सांगितलें, “तूं वाईट नाहींस.” मग ती दिराकडे गेली, आणि तो शब्द या घरांत पुन्हां निघणार नाहीं, असें त्यांच्याकडून कबूल करून घेतलें.